हवालदार, मुनीम आणि गावाला गेलेला काका

"काका, एक सांगायचं होतं. तुम्ही गावाला गेलात."

फोनवर मालिकेचा सहायक दिग्दर्शक होता. वय फार तर चोवीस. मी दुकानात, समोर सूत गुंडाळलेल्या कोनांची चळत आणि महिनाअखेरीची बिलं. मला आधी काही कळलंच नाही. म्हटलं, "नाही हो, सोलापुरातच आहे मी."

तो हसला. "तुम्ही नाही काका, तुमचं कॅरॅक्टर. सोमवारच्या भागात मालकीणबाई म्हणतील, मुनीमजी गावाला गेलेत. वरून ट्रॅकच बदललाय."

परत कधी येणार, असं विचारलं तर म्हणाला, "बघू."

याला आता दोन वर्षं झाली. मालिका संपली, मालकीणबाईंचं काम करणाऱ्या ताई दुसऱ्या वाहिनीवर कुणाच्या तरी सासूबाई झाल्या, मुनीम अजून गावालाच आहे. मला वाईट वाटलं, पण हिशेब मला कळतो. डेली सोपमध्ये छोट्या माणसाला मारणं परवडत नाही. मारला की फोटोला हार आला, पांढऱ्या साड्या आल्या, रडणाऱ्या चार जणांचे पैसे आले. गावाला पाठवायला एक वाक्य पुरतं.

त्या अकरा दिवसांच्या मुनीमगिरीवरून आमच्या समाजाच्या मंडळानं माझा सत्कार केला. पत्रिकेवर छापलं होतं, "अष्टपैलू चित्रपट व दूरचित्रवाणी कलावंत". रात्री अंथरुणावर पडून मी पैलू मोजले. हवालदार पाच वेळा, पण तो एकच धरू. मुनीम. किराणा दुकानदार. सलाईन लावलेला पेशंट, ज्याला संवाद नव्हता. दिंडीतला वारकरी, ज्याला ऐन वेळी एक वाक्य मिळालं. आणि एक विणकर. सहावर गाडी थांबली. दोन पैलू कमी पडले, पण शाल घेतली.

आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर. वडील माग चालवायचे, आई विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत दख्खनी, शाळेत मराठी, आणि वडिलांच्या मालकांच्या घरी निरोप घेऊन गेलं की कानडी. सोलापुरात यात काही विशेष नाही, इथं भाजीवाली पण तीन भाषांत भाव करते. मी फक्त एक करायचो. कोण कसं बोलतं ते घरी येऊन करून दाखवायचो. विडी कारखान्याचा पानं मोजून देणारा कारकून माझा हातखंडा होता. आई हसून हसून मांडीवरचं सूप सांडायची.

पण नक्कल करता येणं आणि स्टेजवर उभं राहणं यात फरक असतो, हे कॉलेजात कळलं. साल १९९५. आमचे नाटकाचे सर पहिल्याच वाचनाला म्हणाले, "अरे, तुझ्या तोंडात भ नाहीच." खरं होतं. आमच्या घरी भाकरीची बाकरी होते आणि घराचं गर. शिवाय आईच्या मराठीत चहा ती असते आणि भाकरी तो, तोच वारसा माझ्याकडं. सरांनी उपाय सांगितला. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची आणि ख, घ, भ म्हणायचं. पट्टी हलली तर अक्षर खरं. घरी कागद शोधायचं कारण नव्हतं, तेंदूच्या पानाची कात्रणं ढिगानं पडलेली. दोन बोटांत कात्रण धरून मी महिनाभर भ भ करत बसायचो. शेजारची पोरं दारात येऊन माझ्याबरोबर भ भ करायची. शेवटी कात्रण हललं. आजही कॅमेऱ्यासमोर जायच्या आधी मी तळहात तोंडासमोर धरतो आणि हळूच एक भ म्हणतो. बघणाऱ्याला वाटतं, तोंडाचा वास बघतोय.

मग राज्य नाट्य स्पर्धा. हौशी नाटकवाल्याचं पंचांग या स्पर्धेवर चालतं. सोलापूर केंद्राची प्राथमिक फेरी म्हणजे पार्क चौकातलं हुतात्मा स्मृती मंदिर, आणि त्याआधी दोन महिने कुणाच्या तरी गच्चीवर तालमी. आमचं नाटक चौदा पात्रांचं, पोरं नऊ. माझ्या वाट्याला चार भूमिका आल्या. पोस्टमन, डॉक्टर, वकील आणि शेवटी प्रेताला खांदा देणारा. पोस्टमनला मिशी होती, डॉक्टरला नव्हती, मध्ये विंगेत जेमतेम पाऊण मिनिट. प्रयोगात मिशी निघालीच नाही, गोंद जास्त लागला होता. तसाच गेलो. नाटक झाल्यावर परीक्षकांपैकी एकानं सरांना विचारलं म्हणे, "डॉक्टर आणि पोस्टमन भाऊ दाखवलेत का?" तरी त्या वर्षी मला अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्रावर भूमिकेच्या जागी 'पोस्टमन' लिहिलं होतं. डॉक्टर त्यांनी सोडून दिला.

आमच्या पिढीला डोळ्यासमोर एक माणूस होता. अतुल कुलकर्णी. सोलापूरच्या हरिभाई देवकरण शाळेचा विद्यार्थी, इथल्याच नाट्य आराधना या हौशी संस्थेतून नाटक करत पुढं दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेला आणि १९९५ मध्ये, म्हणजे मी तेंदूच्या कात्रणाशी झुंजत होतो त्याच वर्षी, तिथून बाहेर पडला. मग 'हे राम' आणि 'चांदनी बार' या दोन चित्रपटांसाठी सहायक अभिनेत्याचे दोन राष्ट्रीय पुरस्कार. आधी दिग्दर्शक जब्बार पटेल होते, गायिका-अभिनेत्री फैयाज होत्या, त्याच्याही आधी हिंदी चित्रपटांतल्या शशिकला, सगळी सोलापूरशी नातं असलेली माणसं. पण ती आम्हाला मोठी, लांबची वाटायची. हा माणूस आमच्याच कट्ट्यावरचा वाटायचा. मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम, सगळीकडं काम करतो हे ऐकून आम्ही म्हणायचो, त्यात काय, सोलापूरचाच आहे. 'नटरंग' मी भागवत टॉकीजला लागोपाठ दोन वेळा पाहिला. पहिल्यांदा गोष्टीसाठी आणि दुसऱ्यांदा त्याच्या खांद्यांसाठी. सुरुवातीचा पैलवान गडी आणि नंतरचा नाच्या यांचे खांदे एकाच माणसाचे आहेत यावर विश्वास बसत नव्हता. नुसतं शरीर उतरवलेलं नव्हतं, शरीराची लाजसुद्धा बदलली होती.

अष्टपैलू म्हणायचं तर त्याला म्हणावं. त्याला भूमिकेसाठी महिने मिळतात आणि तो ते वापरतो. आमच्यासारख्याला मेकअप रूमपासून सेटपर्यंतचा रस्ता मिळतो. तेवढ्यात काय बदलायचं ते बदला.

मी दिल्लीला गेलो नाही. वडिलांचा माग बंद पडला, बहिणीचं लग्न होतं, एका सूत व्यापाऱ्याकडं हिशेब लिहायला लागलो. आजही तिथंच आहे. वर्षाला एक नाटक, स्पर्धा, बक्षीस मिळालं तर पेपरात चार ओळी. २०२० पर्यंत असंच चाललं. लॉकडाऊन आलं आणि ऑडिशन मोबाइलवर आली. त्याआधी ऑडिशन म्हणजे अंधेरीतलं आरामनगर. रात्रीची गाडी, दिवसभर रांग, दोन मिनिटं कॅमेऱ्यासमोर, परत रात्रीची गाडी. नोकरी करणाऱ्याला ते जमणारं नव्हतं. आता एक मेसेज येतो आणि माणूस सोलापुरात बसून नाकारला जाऊ शकतो. मोठीच सोय.

मेसेज साधारण असा असतो. पुरुष, ४५ ते ५०, ग्रामीण चेहरा, हवालदार, एक दिवस, तीन हजार, फक्त मुंबईतले. हे 'फक्त मुंबईतले' म्हणजे जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च मिळणार नाही. त्यावर मी लिहितो, "मुंबईतच असतो." कोल्हापूरचे, नांदेडचे, जळगावचे, सगळे हेच लिहितात. खरोखर मुंबईत राहणारा कॅरॅक्टर आर्टिस्ट असेल तर त्याचं कुणाला खरं वाटत नसेल.

टेप, म्हणजे ऑडिशनचा व्हिडिओ, करायची एक रीत आहे. फोन आडवा धरायचा, फ्रेम छातीपासून वर, मागं रिकामी भिंत. आधी ओळख. नाव, वय, उंची, गाव, तारखा मोकळ्या आहेत का. मग डावीकडं वळायचं, उजवीकडं वळायचं, दोन्ही हात पुढं करून उलटसुलट दाखवायचे. पहिल्यांदा मी हात दाखवले तेव्हा बायको म्हणाली, "बैल विकत घेताना दात बघतात तसंच की हे." उजेडासाठी खिडकीसमोर खुर्ची आणि दुसऱ्या बाजूनं चेहऱ्यावर उजेड परतावा म्हणून दोरीवर पांढरे टॉवेल. सोलापुरात टॉवेलला काय तोटा. आवाजाचं मात्र अवघड. आमच्या भिंतीपलीकडं चार माग चालतात, त्यांची खडखड टेपमध्ये यायची. म्हणून माझ्या सगळ्या टेप रात्री उशिराच्या, माग थांबल्यावरच्या. सगळ्या भूमिकांत माझे डोळे जरा झोपेला आलेले दिसतात. हवालदाराला ते शोभतं, म्हणूनच बहुतेक हवालदार जास्त मिळाले.

समोरच्या माणसाचे संवाद कुणीतरी वाचावे लागतात. ते बायको वाचते. हवालदाराचे सीन म्हणजे साहेब त्याला झापतात, दुसरं काही नसतं. "अक्कल आहे का तुला? एक काम धड करता येत नाही?" हे ती इतक्या मनापासून वाचते की मला वेगळा अभिनय करावा लागत नाही. एकदा कास्टिंगवाल्या मुलीचा फोन आला. मला वाटलं, झालं काम. ती म्हणाली, "सर, क्यू देणाऱ्या मॅडम कोण आहेत? त्या ऑडिशन देतात का?"

टेप पाठवल्यावर पुढची भाषा शिकावी लागते. 'शॉर्टलिस्ट' म्हणजे पंधरा जणांत तुम्ही आहात. 'डेट ब्लॉक करा' म्हणजे मालकाकडं रजा मागा, पण तिकीट काढू नका. 'लॉक' म्हणजे तिकीट काढा. 'ड्रॉप' म्हणजे तिकीट रद्द करा. लॉक आणि ड्रॉप यांच्यामध्ये मी एकदा कुर्डुवाडीपर्यंत पोचलो होतो. रात्रीच्या बारा वाजता फलाटावर उतरून परतीच्या गाडीची वाट बघत चहा पीत बसलो. चहावाल्यानं विचारलं कुठं निघालाय, म्हटलं शूटिंगला. त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि पैसे आधी मागितले.

पहिलं काम मिळालं ते हवालदाराचं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, पहाटे दादर, तिथून गोरेगाव. आता वंदे भारत झालीय, साडेसहा तासांत मुंबई, पण ती सकाळी सहाला इथून सुटते आणि कॉल टाइम सकाळी सातचा असतो. आपल्या उपयोगाची नाही. चित्रनगरीच्या फाटकातून आत जाताना छाती धडधडत होती. पुढचे पाच तास नुसतं बसलो तेव्हा ती शांत झाली. वर्दी मिळाली ती आधी कुणीतरी घातलेली, खिशात वसईचं रिटर्न तिकीट. छातीवर नावाची पट्टी, 'पाटील'. पद्मशाल्याच्या पोराचा पाटील व्हायला पन्नास वर्षं लागत नाहीत, सेफ्टी पिन पुरते.

वाक्य एकच होतं, "साहेब, बॉडी सापडली." मी हुतात्माच्या शेवटच्या रांगेसाठी कमावलेल्या आवाजात म्हटलं. साउंडवाल्यानं हेडफोन काढून कान चोळला. माझ्या शर्टाच्या आत माइक चिकटवलेला, आणि मी सोलापूरला ऐकू जाईल असं ओरडलो. दुसऱ्या टेकला हळू बोललो. दिग्दर्शक म्हणाले, छान. मग मला वाटलं, झालं. पण तेच वाक्य आधी लांबून, त्याला मास्टर म्हणतात, मग साहेबांच्या खांद्यावरून, मग फक्त माझा चेहरा, मग फक्त साहेबांचा चेहरा आणि मी कॅमेऱ्याच्या मागं उभा. चौथ्या वेळी कंटिन्युइटी बघणारी मुलगी धावत आली. "सर, टोपी मास्टरमध्ये डाव्या काखेत होती." आता ती उजव्या काखेत. नाटकात टोपी कुठंही गेली तरी पुढच्या प्रयोगाला परत जागेवर येते. इथं ती एकदा डावीकडं गेली की आयुष्यभर डावीकडं. मी तेव्हापासून खिशात एक चिठ्ठी ठेवतो. टोपी डावी. काठी उजवी. "सापडली" म्हणताना मान वर. हिशेबनीस माणूस आहे, नोंद केल्याशिवाय झोप लागत नाही.

भाषेचं दुखणं वेगळंच. सुरुवातीला मला सांगायचे, "तुमच्यात जरा लहेजा येतोय, तो काढा." मी काढायचो. पंचवीस वर्षं तेच करत आलो होतो. तेंदूचं पान साक्षीला होतं. मग वारं फिरलं. २०१६ मध्ये 'सैराट' आला होता, करमाळ्याकडचा मुलूख, अकलूजची रिंकू राजगुरू, नागराज मंजुळे जेऊरचे. सगळा आमचाच जिल्हा. त्यानंतर प्रमाण मराठीशिवाय मराठी बोलली जाते ही बातमी मुंबईला पोचली. माझ्यापर्यंत ती पोचायला आणखी चार वर्षं लागली. एका सेटवर दिग्दर्शक म्हणाले, "काका, तुम्ही सोलापूरचे ना? मग बोला की तुमच्या भाषेत, मोकळं."

मी खूश. म्हटलं, "काय बे, काय करायलास इथं? चल की तिकडं."

ते थबकले. "नाही, असं नको. ग्रामीण बोला."

"सोलापूरला असंच बोलतात, सर."

"हो, पण ते ग्रामीण नाही वाटत. ते जरा... आपलं ते बोला ना, कोल्हापूर-साताऱ्याकडचं."

टीव्हीवर एकच खेडं आहे आणि ते पंचगंगा आणि कृष्णा यांच्या मध्ये कुठंतरी वसलेलं आहे. तिथला माणूस 'लय भारी' म्हणतो, तांबडा-पांढरा रस्सा खातो आणि लाल मातीत कुस्ती खेळतो. सोलापूरचा माणूस त्या खेड्यात पाहुणा. आमचं 'बे' त्यांना शिवी वाटतं. आमच्या बोलण्यात कानडी हेल आहे, दख्खनीचा फटकळपणा आहे, तो त्यांना ना शहरी वाटतो ना गावचा. करमाळ्याची बोली आणि सोलापूर शहराची बोली यांतही शंभरेक किलोमीटरचं अंतर आहे, हे तर सांगायलाच नको. म्हणून मी काय केलं, कोल्हापुरी शिकलो. यूट्यूबवर कोल्हापूरच्या एका भाजी मार्केटचे व्हिडिओ लावून ऐकायचो. तेलुगू घरातला माणूस, आधी घासून घासून पुणेरी शिकला, मग सोलापूरचा आहे म्हणून काम मिळालं आणि कोल्हापूरचं बोलला. याला तुम्ही अष्टपैलू म्हणा, मी उसनवारी म्हणतो.

या सगळ्यात एक काम मात्र माझं होतं. हिंदी वेब सीरिज, विणकरांच्या वस्तीतली गोष्ट. भिवंडीतल्या एका बंद कारखान्यात सेट लावलेला. मी मागावर काम करतोय, पोलीस येतात, माझा मुलगा बेपत्ता असल्याचं सांगतात. तेवढ्यात धागा तुटतो आणि ऐकता ऐकता मी तो सांधतो. संवाद दोनच. बाकी सगळं हातावर.

टेपमध्येच मी गाठ मारून दाखवली होती, त्यावरच घेतलं असावं. मागावर धागा तुटला की जी गाठ मारतात ती वडिलांनी मला सातव्या वर्षी शिकवली. दोन टोकं एकमेकांवर आडवी ठेवायची, फुली झाली की डाव्या अंगठ्याखाली दाबायची, एका धाग्याचा फेर अंगठ्यावरून घ्यायचा, टोक त्यात सारायचं, ओढायचं. सांगायला वेळ लागतो, करायला लागत नाही. वडील पापणी लवायच्या आत मारायचे, मी दोनेक सेकंदांत मारतो.

शॉट लागला. कॅमेरा माझ्या बोटांपासून वीतभर. ॲक्शन. मी गाठ मारली. कट.

"काका, काय झालं ते दिसलंच नाही. जरा स्लो."

स्लो करायला गेलो आणि गाठच पडेना. बोटं एकेक पायरी विचारायला लागली, आता काय, आता कुठं. फेर घेतला तर टोक निसटलं, टोक धरलं तर अंगठा उचलला. पाच टेक, सहा टेक. ज्या हातांवर माझा सगळा भरवसा, ते परक्यासारखे वागत होते. चालणाऱ्या माणसाला विचारा, आधी टाच टेकवतोस की चवडा, तो अडखळेल, तसं झालं. दिग्दर्शक चांगला माणूस होता, ओरडला नाही, पण घड्याळ बघत होता. सेटवर ओरडण्यापेक्षा ते जास्त लागतं.

आठव्या टेकला माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. मी धाग्याकडं पाहिलं. कला विभागानं आणलेलं सूत बारीक होतं, चाळीस काउंटचं तरी असेल. सुताचा काउंट जितका मोठा तितका धागा बारीक. आमच्या सोलापूरच्या टॉवेलला असलं सूत लागत नाही, आमचं सूत जाड. मी म्हटलं, "सर, दहा काउंटचं सूत मिळेल का? जाड धागा. गाठ दिसेल पण आणि हात आपोआप मंदावेल." दिग्दर्शकांनी कला विभागाकडं पाहिलं, कला विभागानं माझ्याकडं पाहिलं. भिवंडीत सुताला काय कमी. मोटारसायकलवर पोरगा गेला, वीस मिनिटांत कोन घेऊन आला. जाड सुताला फेर मोठा घ्यावा लागतो, टोक सारताना बोटाला जोर लागतो, गाठ ओढताना धागा कुरकुरतो. नववा टेक. पोलिसाचं वाक्य कानावर पडत होतं, "आपका लड़का तीन दिन से घर नहीं आया", आणि मला फक्त धागा दिसत होता. गाठ पडली. कट. कुणी काही बोललं नाही, मग कॅमेरामन म्हणाला, "फोकस मिला." सेटवर याच्यापेक्षा मोठी दाद नसते.

त्या दिवशी परतीच्या गाडीत झोप लागली नाही. वरच्या बर्थवर पडून दोरीचा तुकडा घेऊन गाठी मारत होतो.

आठेक महिन्यांनी सीरिज आली. पोरानं टीव्हीला मोबाइल जोडून दिला. आई समोर बसली, तिला आता मोतीबिंदूमुळं कमी दिसतं म्हणून अगदी जवळ. सीन आला. बोटं दिसली, मोठ्ठी, पडदाभर. मग माझा चेहरा. मी तोंड उघडलं आणि आतून दुसराच माणूस बोलला. भरदार, लखनऊकडचा वाटावा असा आवाज. माझं हिंदी म्हणजे 'मेरे कू' आणि 'नक्को'. डबिंगला मला बोलावलं नव्हतं, तेव्हाच समजायला हवं होतं. यात कुणाची फसवणूक नाही, करारात तसं लिहिलेलं असतं आणि आपण न वाचता सही करतो. पण घरातली सगळी गप्प झाली.

आई म्हणाली, "ई गोंतु नीदि कादु." हा गळा तुझा नाही.

म्हटलं, "नाही आई. हात माझे आहेत."

ती म्हणाली, ते दिसलं मला. पण गाठ मारल्यावर टोक तोडलं नाहीस. एवढं लांब टोक ठेवलंस तर फणीत अडकेल आणि पुन्हा तुटेल. तुझ्या अप्पांनी कानाखाली दिली असती.

मी सीन पुन्हा लावला. खरंच, टोक लोंबत होतं. नऊ टेकमध्ये, चाळीस माणसांच्या युनिटमध्ये, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. तीन हजार ठरले की त्यातले वीस टक्के काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचे, शिवाय दहा टक्के टीडीएस, आणि बाकीचे नव्वद दिवसांनी. नव्वद म्हणजे कधी नव्वद, कधी दीडशे. एका ठिकाणचे दोन दिवसांचे पैसे अजून यायचेत. फोन करणं आता मी सोडलंय, कारण उचलणारी माणसंच तीनदा बदलली. दुकानाच्या वहीत मागच्या पानावर मी एक 'नाटक खातं' उघडलंय. जमा, खर्च, तिकीट, वडापाव, वर्दीखाली घालायचा पांढरा बनियन. गेल्या वर्षी चौदा दिवस काम केलं, शिल्लक चार हजार दोनशे. बायकोनं वही बघितली आणि म्हणाली, "तोटा नाही ना? मग करा."

परवा ती माहेरी होती. दुपारी तीनला मेसेज आला. हवालदार, ४५ ते ५०, एक दिवस, टेप आज सहापर्यंत. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी कोनांच्या चळतीवर फोन आडवा टेकवला, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. क्यू द्यायला कुणी नाही म्हणून मालकांनाच कागद दिला. आमचे मालक पंचाहत्तरीचे, पांढरं धोतर, आयुष्यात एक नाटक पाहिलं नाही. "ह्यात मी काय करायचं?" म्हणाले. म्हटलं, "तुम्ही साहेब. मला झापायचं."

त्यांनी चष्मा लावला, कागद एकदा वाचला आणि खाली ठेवला. मग माझ्याकडं बघून, कागदावर नसलेलं बोलायला लागले. मार्चचा स्टॉक, चुकलेली दोन बिलं, उधारीचा तगादा, एकेक काढून शांतपणे, आवाज न चढवता. मी सावधान उभा. टोपी डाव्या काखेत. तीन मिनिटांची टेप झाली, आजवरची सगळ्यात चांगली.

पाठवून दिली. मालकांनी चष्मा पुसत विचारलं, "हे कुणाला गेलं?"

"मुंबईला."

थोडा वेळ ते कोनांवरची लेबलं बघत राहिले. मग म्हणाले, "माझं पण एक पाठव की बे."